पांघरुणातले बूट

तो विक्षिप्त होता, हे मला मान्य आहे. तो वेडा होता, हे मान्य नाही. आणि तो आम्हाला बर्फात मारायला घेऊन गेला होता, हे तर मुळीच मान्य नाही. गेल्या जुलैत तो वारला. शोकसभा आमच्या ऑन्टॅरिओतल्या मराठी मंडळाच्या नेहमीच्या हॉलमध्ये झाली. बाहेर उकाड्याने माणसे हैराण झाली होती आणि आत मंडळाचे माजी सचिव माइक हातात धरून श्रोत्यांना हुडहुडी भरवत होते. त्यांच्या कथेत बर्फातल्या सहलीच्या त्या सकाळचे तापमान उणे चाळीस होते. मागच्या संक्रांतीच्या पॉटलक जेवणाला ते उणे तीस होते आणि सहलीहून परतलो त्या आठवड्यात उणे बावीस. कथा अशीच आणखी काही वर्षे चालली, तर त्या तंबूतल्या हवेचे पाणी होईल.

"आणि मग," सचिव म्हणाले, "ह्या गृहस्थानं आपलं ते सोवळं काढलं! आम्हाला बूट तंबूच्या बाहेर ठेवायला लावले. उणे चाळीसमध्ये! पण माणूस प्रेमळ हो."

लोक हसले. मी उत्तर द्यायला उभा राहिलो, तेव्हा माझ्या मुलीने कोट धरून मला खाली बसवले. "बाबा, नॉट हिअर, प्लीज." तिचे बरोबर होते, शोकसभेत खंडन करू नये. म्हणून ते येथे करतो.

पहिली गोष्ट, तो प्रेमळ नव्हता. प्रेमळ माणूस पाहुण्याला दारात उभा करून त्याचे मोजे तपासत नाही. वॉटर्लूला प्राध्यापकी करणारा मी प्रथमच ग्वेल्फला त्याच्या घरी गेलो, तेव्हा रीतीप्रमाणे दारात बूट काढले. त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहण्याआधी पायांकडे पाहिले.

"कापूस," तो म्हणाला.

"काय?"

"मोजे. कापसाचे आहेत. या, बसा."

हे 'या, बसा' त्याने ज्या स्वरात म्हटले, त्या स्वरात डॉक्टर वाईट बातमी सांगण्याआधी खुर्ची पुढे करतात. गणपतीच्या आरतीला, लग्नाच्या स्वागतसमारंभाला, कोणाच्या घरच्या सत्यनारायणाला, जिथे जिथे आपली माणसे पादत्राणे काढून बसतात तिथे तिथे हा ओळीने पाय पाहत फिरे. एका लग्नात त्याने वरपित्याला बाजूला घेऊन सांगितले, "मुलगा उत्तम आहे. मोज्यांचं तेवढं बघा." वरपिता आजही त्याचा अर्थ मला विचारतात.

ग्वेल्फला खाद्यपदार्थांच्या कारखान्यांसाठी शीतगृहे बांधणाऱ्या एका कंपनीत त्याने उभी हयात काढली होती. तिथून त्याने एक सिद्धान्त घरी आणला आणि तो घरच्यांना जन्मभर पुरला. थंडी नावाची वस्तू जगात नाही. असते ती ऊब, आणि ती निघून जात असते. त्यामुळे त्याच्या घरात 'थंडी येते आहे' असे म्हणण्याची सोय नव्हती.

"दार लावा हो, थंडी येतेय," कोणी म्हणायचे.

"थंडी येत नाहीये. तुमची ऊब चाललीय. नीट बोला, मग लावतो."

आणि खरोखरच लावत नसे. अखेर स्वयंपाकघरातून त्याची पत्नी ओरडे, "अहो, ऊब चाललीय हो, सगळी ऊब चाललीय, लावा आता ते दार!" मग तो समाधानाने दार लावी. त्या घराचा थर्मोस्टॅट इतका खाली असे की पाहुणे कोट काढत नसत. मी तरी कधी काढला नाही. तो कंजूष होता असे जे बोलले जाते ते मात्र खोटे आहे. त्याच्या घरी खाल्ले तितके साजूक तूप मी कोणाच्याही पंगतीत खाल्लेले नाही. उष्णता विकत घ्यायची तर ती गॅस कंपनीकडून न घेता तुपातून घ्यावी, एवढेच त्याचे म्हणणे होते.

त्याच्या धाबळीची गोष्टही लोक मोडतोड करून सांगतात. त्याच्या आईची एक किरमिजी लोकरी धाबळी होती. सोवळ्यात स्वयंपाक करताना त्या ती नेसत. आई गेल्यावर भावंडांनी भांडी घेतली, याने धाबळी घेतली. इकडे आणून ती त्याने एका पंजाबी शिवणकामवाल्या बाईंकडे दिली आणि तिच्यातून अंगाला चिकटून बसणारी विजार व बंडी शिवून घेतली. सचिव म्हणतात, त्याने आईच्या सोवळ्याचा अपमान केला. मी म्हणतो, उभ्या ऑन्टॅरिओत त्या सोवळ्याचा अर्थ कळलेला हा एकटाच माणूस होता. देव त्याने विद्यार्थिदशेतच सोडला होता. पण लोकर ओली झाली तरी ऊब धरून ठेवते आणि कापूस ओला झाला की दगा देतो, हे आपल्या आईला ठाऊक होते यावर त्याची श्रद्धा होती. मी एकदा म्हटले, की तुमच्या मातोश्रींना उष्णतावहनाचे शास्त्र ठाऊक असण्याचा संभव कमी आहे. त्यावर तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

आता सहलींचा उगम. एका वार्षिक सभेत त्याने ठराव मांडला की मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम उघड्यावर, बर्फात व्हावा.

"तीळगूळ कशासाठी खातात?" त्याने सभेला विचारले. "अंगातली ऊब टिकावी म्हणून. आणि तुम्ही खाता कुठे? हीटर लावलेल्या हॉलमध्ये, हाफ स्लीव्हज घालून! हा तिळाचा अपमान आहे."

"इन्शुरन्स कव्हर करणार नाही," सचिव म्हणाले.

"तिळाला?"

"मेंबर्सना!"

ठराव पडला. बाजूने हात दोनच वर गेले, त्याचा आणि माझा. सचिव सांगतात की एकच गेला. दोन गेले. पण त्या दिवसापासून त्याने स्वतःच्या जबाबदारीवर दरवर्षी फेब्रुवारीत काही मंडळींना उत्तरेकडच्या एका उद्यानात नेऊन बर्फातून चालायला आणि तंबूत राहायला शिकवण्याचा उद्योग सुरू केला. निवृत्त माणसेच जात. तरुण मंडळी 'नेक्स्ट इयर, काका' म्हणत आणि फ्लोरिडाची तिकिटे काढत.

या वाटेवर त्याचा मुख्य शत्रू घाम होता. आपण निघताना भरपूर कपडे घालून निघतो, चढावर घामाघूम होतो, थांबलो की तोच घाम गार पडून अंगातली ऊब ओढून घेतो. म्हणून तो निघतानाच सर्वांना थोडे कुडकुडत ठेवी आणि मग गोगलगाईच्या चालीने चालवी. कोणी पुढे गेला की मागून हाक येई, "पोचायचं नाहीये रे! कोरडं पोचायचंय!" मध्येच तो एखाद्याच्या मानेमागे बोटे घालून पाही. ओलसर लागले की सर्वांदेखत त्याचा एक थर उतरवला जाई. शहरात तो प्रत्येकाला अहोजाहो करी. बर्फात पाऊल पडताच सर्वांना अरेतुरे. "इथे मानपान करत बसायला वेळ नसतो," हे त्याचे स्पष्टीकरण. निवृत्त न्यायाधीशालासुद्धा त्याने "टोपी घाल, गाढवा" म्हटलेले मी ऐकले आहे.

आणि त्याचे सोवळे. ज्यावरून एवढा गदारोळ झाला ते नेमके काय होते, हे मी सांगतो, कारण सभागृहात बसलेल्यांपैकी किती जण त्या तंबूत झोपले होते? प्रत्येकाने झोपण्याच्या लोकरी कपड्यांचा एक जोड जलरोधक पिशवीत बांधून आणायचा. दिवसभर कितीही गारठलात तरी त्या पिशवीला हात लावायचा नाही. तंबूत शिरण्यापूर्वी अंगावरचे बर्फ झाडायचे. त्यासाठी त्याने तंबूच्या दाराला एक छोटी केरसुणी टांगलेली असे. मग दिवसाचे दमट कपडे उतरवून तो कोरडा जोड अंगावर घ्यायचा. तो जोड सोवळा, बाकी सारे ओवळे. स्टोव्ह तंबूत पेटवणे हे महापाप. विषारी वायूने झोपेतच माणूस जातो, म्हणून चहा कितीही प्यावासा वाटला तरी बाहेर. झोपताना डिंकाचा लाडू, वर चमचाभर तूप, आणि उकळत्या पाण्याची बाटली मोज्यात घालून पायांशी. यांतला एकही नियम चुकीचा आहे असे सिद्ध करणाऱ्याला मी माझ्या घरी जेवायला बोलावतो.

बुटांसंबंधी त्याचा नियम असा होता: रात्री बूट झोपण्याच्या पिशवीत, पायांशी घ्यावेत. नीट वाचावे. आत. बाहेर नव्हे.

त्या वर्षी आम्ही पाच जण होतो. तो आणि मी एका तंबूत; आमच्या ऑन्टॅरिओतल्या लंडनच्या एक निवृत्त डॉक्टरीणबाई व त्यांचे यजमान दुसऱ्यात; आणि सचिव तिसऱ्यात एकटे, कारण त्यांच्या घोरण्याची कीर्ती त्यांच्या आधी पोचली होती. सचिव का आले होते, तर पत्नीने त्यांना सर्वांसमक्ष म्हटले होते, "तुम्हाला ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हल करवत नाही, तुम्ही काय बर्फावर बोलता?"

अंधार लवकर पडतो तिकडे. बर्फ वितळवून केलेल्या पाण्याची खिचडी तुपात बुडवून खाल्ली आणि त्याने स्टोव्हभोवती उभे राहिलेल्या आम्हाला बुटांचा पाठ दिला.

"बुटावरचं बर्फ झाडा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि पायाशी घेऊन झोपा. बुटात दिवसभराचा घाम असतो. बाहेर ठेवलात तर सकाळी दगड मिळतील."

सचिवांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "पांघरुणात पायताण?"

"पिशवीत घालून."

"अहो पण पांघरुणात?"

"मग काय, डोक्यावर घेऊन झोपतोस?"

"घेतो, घेतो," सचिव म्हणाले. ज्या स्वरात आपण सासुरवाडीला 'आणखी एक पुरणपोळी घेतो' म्हणतो आणि घेत नाही, तो स्वर मला त्याच क्षणी ओळखू आला. डॉक्टरीणबाईंनी स्वतःचे आणि यजमानांचे बूट पिशवीत कोंबले. माझ्यापुढे पर्याय नव्हता. मी त्याच्याच तंबूत होतो आणि त्याने माझी पिशवी चाचपून पाहिली.

सकाळी ऊन लख्ख होते, वारा पडलेला होता, आणि सचिवांच्या तंबूच्या तोंडाशी त्यांचे बूट उभे होते. टाचा जुळवलेल्या, टोके बाहेर, खाली वर्तमानपत्र. थेट हळदीकुंकवाच्या घरासमोर असतात तसे. रात्री भुरभुरलेल्या बर्फाने दोन्ही काठोकाठ भरलेले. आपल्या लोकांच्या हाडात मुरलेला शिष्टाचार उणे बावीसमध्येही शाबूत होता. कोणीही त्यांना ते करायला लावलेले नव्हते.

तोवर नुकसान होऊन गेले होते. सचिव आमच्या आधी उठले होते. निसर्गाची हाक आलेली. उद्यानाचा लाकडी संडास झाडांपलीकडे लांब होता. बुटांतले बर्फ उलटे करून ओतले, पण कातडे इतके कडक झाले होते की पाय आत जाईना. तेव्हा टाचा दाबून, चपलेसारखे बूट ओढत ते गेले आणि आले. पायांत मोजे कोणते, हे सांगण्याची गरज नसावी.

परत आल्यावर ते स्टोव्हजवळ उभे राहिले. डॉक्टरीणबाईंनी चहा पुढे केला, तो त्यांनी घेतला. मी मुद्दाम मंडळाच्या नव्या कार्यकारिणीचा विषय काढला. त्यावर सचिव काहीच बोलले नाहीत.

त्याने हातातले भांडे खाली ठेवले. "हा गप्प का आहे?"

"झोप झाली नसेल," मी म्हणालो.

"हा सभेत झोपेतसुद्धा बोलतो. काय रे, काय होतंय?"

"काही नाही. आय ॲम फाइन."

"पायाची बोटं हलव."

"हलवतोय."

"लागतायत?"

सचिवांनी खाली पाहिले. मग आमच्याकडे पाहिले. "नाही लागत," ते म्हणाले. "मघाशी दुखत होती. आता काहीच नाही."

दुखायचे थांबले म्हणून त्यांना बरे वाटले होते. इथेच माणसे पायाची बोटे गमावतात.

त्याने त्यांना दंडाला धरून आमच्या तंबूत ढकलले, आडवे पाडले, बूट-मोजे ओढून काढले. बोटे पांढरी पडली होती. मेणाची असावीत अशी. डॉक्टरीणबाई गुडघ्यांवर रांगत आत आल्या, एकेक बोट हलकेच दाबून पाहिले.

"अजून वरवरचं आहे. मांस मऊ लागतंय," त्या म्हणाल्या. "पण वेळ घालवू नका."

सचिवांचे हात पायांकडे गेले.

"चोळू नकोस!" दोघे एकदम ओरडले.

"मग स्टोव्ह आणा ना जवळ!"

"भाजेल, कळणारसुद्धा नाही तुला." हे म्हणत असताना तो आपले कोट उघडत होता. एक कोट, दुसरा कोट, स्वेटर, आणि शेवटी ती किरमिजी बंडी. ती त्याने छातीपर्यंत वर ओढली. वर्षानुवर्षांच्या तुपावर पोसलेले ते पोट त्या गारठ्यात उघडे पडलेले मी पाहिले. त्याने सचिवांचे दोन्ही पाय उचलले आणि तळव्यांसकट पोटावर दाबून धरले. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी लिहिणार नाही. बंडी वरून खाली घेतली, स्वेटर घेतला, कोट घेतले, आणि तो मांडी घालून तसाच बसला.

सचिवांनी काय केले असेल? हातमोजे काढून हात जोडले. आपला पाय कोणाला लागला की आपण नमस्कार करतो. इथे तर दोन्ही पाय, उघडे, वयाने मोठ्या माणसाच्या पोटावर.

"हात आत घे!" तो गरजला.

"अहो, पाय लागला तुम्हाला—"

"मीच लावून घेतलाय! हात आत!"

सचिवांनी हातमोजे घातले. क्षणभराने पाय किंचित सरकला आणि हातमोजे पुन्हा निघाले, पुन्हा नमस्कार.

"प्रोफेसर, याचे हात धरून बस. पाय वाचवता वाचवता बोटं हाताची जायची."

म्हणून मी सचिवांचे हात धरून बसलो. याचाही उल्लेख त्यांच्या कथेत नसतो.

"बूट बाहेर का ठेवलेस?" त्याने विचारले. आवाज मघासारखा नव्हता.

"उशाशी गणपतीचा फोटो होता," सचिव पुटपुटले. "पायताण कसं घेणार आत?"

मला वाटले, आता हा देवाधर्मावर तासभर बोलणार. पण तो डॉक्टरीणबाईंना एवढेच म्हणाला, "उकळतं पाणी भरून दोन बाटल्या याच्या बुटांत घाल. आणि माझे लोकरी मोजे सोवळ्याच्या पिशवीत आहेत, ते काढून ठेव." त्या पिशवीला त्याने आम्हाला कधी बोट लावू दिले नव्हते.

मग आम्ही वाट पाहिली. गाडी दोन तासांच्या चालीवर होती आणि बोटांना जाग आल्याखेरीज या माणसाला चालवता येणार नव्हते. दर थोड्या वेळाने तो विचारी, "लागतंय काही?" आणि सचिव मान हलवून नाही म्हणत. त्याचे ओठ निळसर झाले होते. पायांतून त्याची ऊब चालली होती, आणि हे त्याच्याइतके स्पष्ट तिथे कोणालाच कळत नव्हते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता माझे यजमान बसतील, तुम्ही उठा." तो म्हणाला, "त्याचं पोट सपाट आहे." त्यांनी त्याच्या तोंडात डिंकाचा लाडू घातला. त्याने तो चावला, गिळला, आणि पुन्हा विचारले, "लागतंय?"

"नाही हो," सचिव म्हणाले. "जाणार का माझी बोटं?"

तो उत्तर देणार, इतक्यात सचिव किंचाळले. पाठोपाठ त्यांच्या तोंडून अस्सल गावरान शिव्यांची जी माळ सुटली, ती मंडळाच्या कोणत्याही इतिवृत्तात सापडायची नाही. रक्त परतू लागले की बोटांत निखारे भरल्यासारखे होते. ते डोळ्यांतून पाणी काढून ओरडत होते, "सोडा, सोडा, जळताहेत, मेलो!" आणि तो त्यांचे घोटे सोडत नव्हता.

त्या बोटांच्या जोरावर सचिव दुपारी स्वतःच्या पायांनी गाडीपर्यंत चालत आले. दहाही बोटे आज शाबूत आहेत. उन्हाळ्यातल्या पिकनिकला सॅन्डलमधून ती हलवत हलवतच ते आपली कथा सांगतात. त्या कथेतले तापमान चूक, बूट चूक, सोवळे चूक. शेवटी ते म्हणतात, "आणि मी वेदनेनं रडत असताना हा मनुष्य माझ्याकडे बघून हसत होता."

ते मात्र खरे आहे. तो हसत होता. निळ्या ओठांनी, लाडूचे कण उडवत, डोळे मिटून, "ओरड, ओरड, अजून ओरड!" म्हणत हसत होता, आणि त्याचे पोट हसण्याने गदागदा हलत असल्यामुळे कोटाच्या आत सचिवांचे दोन्ही पाय वर-खाली होत होते.